फूट, सूत आणि मिलिमीटर: घराचं काम पहिल्यांदाच काढणाऱ्यांसाठी मापांची गाईड

पहिला फ्लॅट घेतला किंवा जुन्या घराचं रिनोव्हेशन काढलं की एक गोष्ट लगेच कळते, शाळेत आपण मीटर-सेंटीमीटर शिकलो आणि साईटवर ते कुणीच बोलत नाही. बिल्डरचा सेल्सवाला स्क्वेअर फूट बोलतो, अ‍ॅग्रीमेंटमध्ये चौरस मीटर असतात, इंटिरिअरवाल्याच्या ड्रॉइंगवर मिलिमीटर, गवंडी फुटात बोलणार, सुतार इंच आणि सुतात, टाइल्सवाला तोंडाने "दोन बाय दोन" म्हणणार पण खोक्यावर छापलेलं असतं ६०० बाय ६००, आणि पडद्याचं कापड घ्यायला गेलात की लांबी मीटरमध्ये नि पन्ना इंचात.

कायद्याने बघायला गेलं तर हे सगळं कधीच संपलेलं आहे. १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने अंमल सुरू झाला, आता २००९ चा वैधमापनाचा कायदा आहे आणि त्यानुसार भाव सांगायचा तोही मेट्रिकमध्येच. म्हणून तर टीव्हीच्या जाहिरातीत आधी १०८ सेंमी आणि मग ४३ इंच असं लिहितात. पण बाजारात मात्र दोन्ही मापं गुण्यागोविंदाने नांदतायत आणि आपल्या हयातीत तरी नांदणार, त्यामुळे दोन्ही शिकून घेतलेलीच बरी.

माझं म्हणणं थोडक्यात असं की घोळ मापामुळे होत नाही, एका मापातून दुसऱ्यात नेताना होतो. प्रत्येक वस्तू मुळात कुठल्यातरी एका मापात जन्मलेली असते, ती त्याच मापात मोजायची, आणि मधल्या मधे बदलाबदली करायची नाही. हे कसं जमवायचं ते आता क्रमाने बघू.

आधी टेप घ्या, आणि तो वाचायला शिका

हार्डवेअरच्या दुकानातून पाच मीटरचा स्टीलचा टेप घ्या, सोळा फूट असंही त्यावर लिहिलेलं असतं. तीन मीटरचा स्वस्त पडतो पण हॉल मोजताना अपुरा पडतो. कापडी टेप शिवणकामाला ठीक, घराच्या कामाला नको कारण तो ताणला जातो. लेझर मीटर भारी वस्तू आहे पण पहिल्या दिवशी त्याची गरज नाही.

टेपच्या टोकाला जो पत्र्याचा आकडा असतो तो थोडा हलतो, मागे-पुढे सरकतो, आणि नवीन माणूस तो ठोकून घट्ट करायला जातो. करू नका. तो मुद्दामच सैल ठेवलेला असतो. फळीच्या कडेला अडकवून ओढला की आकडा बाहेर सरकतो आणि भिंतीला टेकवून दाबला की आत सरकतो, आकड्याच्या पत्र्याची जी जाडी असते तेवढंच ते सरकणं असतं, म्हणजे आतलं माप घ्या नाहीतर बाहेरचं, शून्य बरोबर जागीच राहतं. उलट तो आकडा वाकलेला असेल किंवा रिव्हेट झिजून फार खेळत असेल तर टेप बदला.

आता पट्टीवर बघा. एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटीमीटर. सेंटीमीटरची बाजू सोपी आहे, प्रत्येक बारीक रेघ एक मिलिमीटर. इंचाच्या बाजूला एका इंचाचे सोळा भाग असतात, आणि त्यातले दोन भाग मिळून एक सूत. म्हणजे एक इंच म्हणजे आठ सूत, अर्धा इंच चार सूत, पाव इंच दोन सूत, पाऊण इंच सहा सूत. काही टेपांवर पहिल्या फुटात सोळाच्या ऐवजी बत्तीस रेघा असतात, तिथे रेघा मोजून सूत सांगितलात तर दुप्पट सांगाल, तेव्हा आधी एका इंचात किती रेघा आहेत ते बघा आणि मग बोला.

एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी, बोलताना तीन धरतात. हे "धरतात" प्रकरण लक्षात ठेवा, पुढे तेच छळतं.

पाठ करायचे आकडे

फार नाहीत. एक इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी, यात अंदाज काही नाही, १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका यांनी मिळून हे एकच माप ठरवलं, त्याआधी अमेरिकेचा इंच आणि ब्रिटनचा इंच यात अगदी किंचित फरक होता. त्यावरून एक फूट म्हणजे ३०४.८ मिमी, एक मीटर म्हणजे ३.२८ फूट, आणि एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. वार म्हणजे तीन फूट, ०.९१४४ मीटर, घरकामात आता कुणी वापरत नाही पण नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास का भरतं ते यावरून कळतं.

शेवटचा चौरस मीटरचा आकडा नवीन लोक हमखास चुकवतात. लांबीला ३.२८ ने गुणतात तसं क्षेत्रफळालाही ३.२८ नेच गुणतात आणि मग ५० चौरस मीटरचा फ्लॅट १६४ स्क्वेअर फुटांचा निघतो. क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी, तर दोन्हीला ३.२८ लागायला हवं, म्हणून १०.७६. तोंडी करायचं असेल तर दहापट करा आणि त्यात साडेसात टक्के मिळवा. ४२.५ चौरस मीटर असेल तर ४२५ अधिक साधारण ३२, झाले ४५७ स्क्वेअर फूट. सेल्सवाल्यासमोर कॅल्क्युलेटर न काढता हे जमलं की तोही जरा जपून बोलतो.

टिंबाचा सापळा

याला स्वतंत्र जागा देतोय कारण जेवढं नुकसान याने होतं तेवढं बाकी कशाने होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीतरी पाठवतं, "खिडकी ५.६ फूट". आता हे पाच फूट सहा इंच की पाच पूर्णांक सहा दशांश फूट? पाच फूट सहा इंच म्हणजे ६६ इंच. ५.६ फूट म्हणजे ६७.२ इंच. सव्वा इंचाचा फरक पडला, खिडकीत ग्रिल बसणार नाही. त्यात ५.१० असं लिहिलं तर पंचाईत अजून वाढते, कारण लिहिणाऱ्याच्या मनात पाच फूट दहा इंच असतं आणि एक्सेलमध्ये टाकलं की ते ५.१ होतं, म्हणजे पाच फूट नि सव्वा इंच. बारा इंचांचा फूट आणि दशांश टिंब यांचं जमतच नाही.

तेव्हा नियम करा, फुटाच्या मागे टिंब लिहायचंच नाही. साडेदहा फूट असेल तर "१० फूट ६ इंच" असं अक्षरात लिहा. फुटाला एक छोटी तिरपी रेघ आणि इंचाला दोन, ही खूण सगळ्या मिस्त्रींना कळते, पण मोबाईलवर एक रेघ की दोन हे दिसत नाही म्हणून अक्षरं बरी. किंवा सरळ सगळं इंचात लिहा, सुतार लोक बऱ्याचदा तेच करतात, "८८ इंच दोन सूत". याचं मिलिमीटर करून बघू, दोन सूत म्हणजे पाव इंच, म्हणून ८८.२५ गुणिले २५.४, आले २२४१.५५, लिहायचे २२४२ नाहीतर २२४१ (कपाट आत बसवायचं असेल तर खालचा आकडा धरा). हेच माप कुणी "सात फूट चार इंच दोन सूत" असं ओरडून सांगतं आणि लिहिणारा ७.४.२ लिहितो, मग दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये ते काय होतं हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

प्लॅनवरचे आकडे

मंजूर प्लॅन किंवा बिल्डरचा प्लॅन हातात घेतला की बेडरूममध्ये ३.०५ बाय ३.६६ असं काहीतरी विचित्र दिसतं. विचित्र नाहीये ते, १० बाय १२ फूटच आहे, फक्त मीटरमध्ये लिहिलंय. चार-पाच आकडे ओळखीचे करून ठेवले की प्लॅन वाचता येतो: ०.९१ म्हणजे तीन फूट, १.२२ चार फूट, १.५२ पाच, २.१३ सात, २.७४ नऊ, ३.०५ दहा, ३.३५ अकरा, ३.६६ बारा, ४.५७ पंधरा. ज्यांचे आकडे असे येतात ते मुळात फुटात विचार करून काढलेले प्लॅन. ३.०० बाय ३.६० असं असेल तर तो मीटरमध्ये विचार करून काढलाय, तिथे "दहा बाय बाराच आहे हो" असं कुणी म्हणालं तर मान डोलवू नका, ती खोली दहा फुटाला पावणेदोन-दोन इंच आणि बारा फुटाला सव्वादोन इंच कमी आहे. ऐकायला किरकोळ वाटतं, पण साडेसहा फुटी पलंग, त्याच्या पुढे कपाट आणि मधून जायला वाट असं सगळं बसवायला घेतलं की दोन इंच म्हणजे खूप असतात.

सरकारी आकड्यातही असाच जन्म दिसतो. मुंबईत पाचशे स्क्वेअर फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ मध्ये मालमत्ता करातून सूट दिली, तर कागदावर ती मर्यादा ४६.४५ चौरस मीटर अशी येते. ४६.४५ हा आकडा मीटरमध्ये विचार करणारा माणूस कशाला काढेल. पाचशे स्क्वेअर फूट ठरवले आणि भागाकार केला, झालं.

अ‍ॅग्रीमेंटमध्ये कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये बघा आणि तोच खरा धरा. २०१६ च्या रेरा कायद्याच्या (घरखरेदी आणि बिल्डरांसाठीचा कायदा) व्याख्येत घरातल्या आतल्या भिंतींची जाडी कार्पेटमध्ये धरली जाते, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी धरली जात नाही. म्हणजे तुम्ही टेप घेऊन खोल्या मोजल्या आणि बेरीज केली तर ती अ‍ॅग्रीमेंटपेक्षा थोडी कमीच येणार, आतल्या भिंतींची जागा टेपमध्ये येत नाही ना. लगेच भांडायला जाऊ नका, आधी त्या भिंतींच्या बुडाची जागा मोजून त्यात मिळवा.

खोली मोजायची कशी

भिंत एकदा मोजून भागत नाही. खाली जमिनीजवळ, मध्ये कमरेएवढ्या उंचीवर आणि वर छताजवळ, तीन ठिकाणी मोजा. तिन्ही आकडे सारखे आले तर गवंड्याला चहा पाजा. सहसा चार-सहा मिलिमीटर इकडे तिकडे असतात, जुन्या घरात तर इंचभर फरक सहज निघतो. फर्निचर आत बसवायचं असेल तर तिन्हीतलं लहान माप धरायचं, टाइल्स-रंगासाठी मोठं.

कोपरा गुण्यात आहे का ते बघायला एका भिंतीवर कोपऱ्यापासून तीन फुटांवर खूण करा, दुसऱ्या भिंतीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमधलं तिरकं अंतर मोजा, बरोबर पाच फूट आलं तर काटकोन आहे. मीटरमध्ये केलं तरी चालतं, ९० सेंमी, १२० सेंमी आणि तिरकं १५०. इथे माप कुठलं हे महत्त्वाचं नाही, तीन-चार-पाचचं प्रमाण महत्त्वाचं. पाचपेक्षा जास्त आलं तर कोपरा उघडा आहे, कमी आलं तर आत मिटलेला, आणि एल आकाराचा किचन ओटा करणार असाल तर हे ग्रॅनाइट कापायच्या आधी कळायला हवं.

अजून एक विचारून घ्या, की माप प्लास्टरच्या आधीचं आहे का नंतरचं. विटेपासून विटेपर्यंत दहा फूट असलेली खोली आतून प्लास्टर झाल्यावर दहा फूट राहत नाही, दोन्ही बाजूंनी मिळून सहज इंचभर जातो. बाथरूममध्ये त्यावर टाइल्स येतात, मग अजून जातो. कमोड घेताना दुकानदार विचारेल की भिंतीपासून आउटलेटच्या मध्यापर्यंत अंतर किती, नऊ इंच का बारा इंच, म्हणजे २२५ का ३०० मिमी, तर हे अंतर टाइल्स लागलेल्या भिंतीपासूनचं. प्लंबरने विटेपासून मोजून सांगितलं असेल तर कमोड मागच्या भिंतीला टेकेल आणि बसणार नाही.

कुठली वस्तू कुठल्या मापात जन्मली

हा सगळ्यात कामाचा भाग.

टाइल्स या मिलिमीटरच्या आहेत. "दोन बाय दोन" म्हणजे ६०० बाय ६०० मिमी, खरे दोन फूट म्हणजे ६०९.६. एका टाइलमागे साडेनऊ मिलिमीटरचा फरक, कुणाला दिसतो. पण वीस फूट लांब हॉल घ्या. फुटाच्या हिशोबाने दहा टाइल्स बरोबर बसायला हव्यात. प्रत्यक्षात हॉल ६०९६ मिमी, दहा टाइल्स ६०००, मधल्या फटी दोन-दोन मिमीच्या धरल्या तर अजून वीसेक मिलिमीटर, तरी पाऊण-एक नाही तर चांगली तीन इंचांची पट्टी उघडी राहते. मग शेवटी कापलेली तीन इंची पट्टी लावायची आणि ती नेमकी मुख्य दरवाजासमोर येते. फरशीवाल्याला आधीच सांगा की सुरुवात कुठून करायची आणि कट पीस कुठे जाणार, सोफ्यामागे जाऊ दे. खोक्याचंही तसंच, ६०० बाय ६०० च्या चार टाइल्सचं खोकं म्हणजे १.४४ चौरस मीटर, साडेपंधरा स्क्वेअर फूट. दुकानात तोंडी हिशोब सोळाने होतो. सहाशे स्क्वेअर फुटांच्या घराला सोळाने भागलं तर साडेसदतीस खोकी, साडेपंधराने भागलं तर जवळपास एकोणचाळीस, त्यात तुटफूट आणि कटिंग वेगळं. नंतर एक-दोन खोकी आणायला गेलात तर तोच शेड त्याच बॅचचा मिळेलच असं नाही. खोक्यावर छापलेला चौरस मीटरचा आकडा घ्या आणि त्यानेच भागा.

प्लायवूड याच्या उलट. आठ बाय चार म्हणजे खरोखर आठ बाय चार फूट, २४४० बाय १२२० लिहितात तेही जवळजवळ तेवढंच. जाडी मात्र मिलिमीटरमध्ये. सुतार सहा सूत म्हणेल तर ते १८ किंवा १९ मिमीचं प्लाय, चार सूत म्हणजे १२ मिमी, दोन सूत म्हणजे ६ मिमी. आता १८ आणि १९ मध्ये एक मिलिमीटरचा फरक आहे आणि कपाटाच्या पाच उभ्या फळ्यांमध्ये तो पाच मिलिमीटर होतो, त्यावर दोन्ही बाजूंनी लॅमिनेट, म्हणून ऑर्डर देताना "सहा सुती" असं न म्हणता मिमीमध्येच बोला आणि माल आल्यावर टेप लावून बघा. आणि हो, चार फुटी शीटमधून एक-एक फुटाच्या चार पट्ट्या निघत नाहीत, करवत स्वतः तीनेक मिलिमीटर खाते, तीन वेळा कापलं की नऊ मिलिमीटर भुसा झाला.

ड्रॉवरचे चॅनेल इंचात बोलतात पण जन्म मिलिमीटरचा. अठरा इंची म्हणजे ४५०, वीस इंची म्हणजे ५००, बावीस इंची ५५०. खरे अठरा इंच ४५७ असतात. खोकं ४५७ धरून केलं तर चॅनेल सात मिलिमीटर आखूड दिसतो, त्याने फार बिघडत नाही, पण ४५० च्या मापाने अगदी काटोकाट कपाट केलं आणि मागची फळी आत आली तर ड्रॉवर बंदच होत नाही. मॉड्युलर किचनचं सगळंच मिलिमीटरमध्ये असतं, हिंजच्या कपाचं भोक ३५ मिमी, चिमणी ६०० किंवा ९००, तिथे इंच बोलूच नका. मॉड्युलरवाल्याने माप इंचात घेतलं तर मी तरी त्याला पुन्हा मिमीमध्ये घ्यायला लावेन.

पाईपांचं प्रकरण वेगळंच आहे, तिथे सांगतात ते माप कुठेच सापडत नाही. अर्धा इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप बाहेरून मोजला तर २१.३ मिमी भरतो आणि अर्धा इंची सीपीव्हीसी (गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा) पाईप १५.९ मिमी. दोन्हींचं नाव अर्धा इंच. टेप लावून दुकानात माप सांगायला जाऊ नका, जुन्या पाईपचा तुकडा किंवा फिटिंग हातात घेऊन जा. ड्रेनेजचा "चार इंची" म्हणजे ११० मिमी, तो बाहेरून खराच ११० असतो.

सळईचंही प्लायसारखंच, ८ मिमी म्हणजे अडीच सूत, १० म्हणजे तीन, १२ म्हणजे चार, १६ म्हणजे पाच. सळई नेहमी मिमीमध्येच घ्या, डिझाईन इंजिनिअरने मिमीमध्ये केलेलं असतं आणि तीन सूत म्हणजे हिशोबाने साडेनऊ होतात, दहा नाही. भिंती मात्र इंचातच चालतात, नऊ इंची म्हणजे २३० मिमी, साडेचार इंची म्हणजे ११५, ब्लॉकची सहा इंची म्हणजे १५०.

टीव्ही इंचात, आणि तो इंच तिरका, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. ५५ इंची टीव्हीची रुंदी चार फूट येते, साधारण १२२ सेंमी, ४३ इंचीची ९५ सेंमी. टीव्ही युनिटमध्ये खण करून घेणार असाल तर रुंदी कंपनीच्या मापांच्या पानावरून घ्या आणि वर चार बोटं जागा सोडा.

गाद्या इंचात. लांबी ७२, ७५ किंवा ७८, रुंदी ३६, ४८, ६०, ७२. "सहा बाय सहा" म्हणणाऱ्याला ७२ हवी की ७८ ते विचारा, साडेसहा फुटी पलंगात सहा फुटी गादी टाकली तर पायाशी अर्धा फूट लाकूड दिसतं. पलंग करून घ्यायचा असेल तर आधी गादी ठरवा, मग सुतार.

पडदे: कापड मीटरने, पन्ना इंचात (४८ किंवा ५४), तयार पडदा फुटात. सात फुटी पडद्याला २.१३ मीटर, वर-खाली दुमडायला सात-आठ इंच, म्हणजे साधारण २.३५ मीटर एका पट्टीला.

काचेची जाडी मिमीमध्ये, भाव स्क्वेअर फुटाला. इथे एकच सांगायचं, टफन्ड काच एकदा टफन झाली की कापता येत नाही, घासून कमीही करता येत नाही. शॉवर पार्टिशनचं माप टाइल्स लागल्यावर, काचवाल्याने स्वतः येऊन, मिमीमध्ये घ्यायचं. आधी घाई नको.

जो कापणार त्यानेच मोजायचं

आपण आपल्या समाधानासाठी मोजावं, बजेटसाठी मोजावं, मिस्त्रीने सांगितलेलं तपासायला मोजावं. पण कापायचं माप आपण द्यायचं नाही. तुम्ही माप दिलंत आणि कपाट बसलं नाही तर सुतार म्हणणार "साहेब, तुम्हीच दिलं होतं", आणि त्याचं बरोबर असेल. त्याला त्याच्या टेपने, त्याच्या सवयीच्या मापात मोजू द्या. इंचात सवय असलेल्या माणसाला मिमीची सक्ती करून फायदा नाही, तो मनातल्या मनात बदलून घेणार आणि तिथेच चुकणार. फक्त एक करा, एका कामाचं माप घेताना, लिहिताना आणि कापताना एकच कड वापरली जाईल एवढं बघा, वर इंच नि खाली मिमी असा उड्या मारायचा प्रकार नको.

माप घेऊन झालं की भिंतीवरच पेन्सिलने लिहून ठेवायला सांगा आणि मोबाईलवर फोटो काढा. कागद हरवतो.

भाव आणि बिल

माप कळलं तरी भावात फसायला होतं. ग्रॅनाइटच्या ओट्याचा भाव कुणी स्क्वेअर फुटाला सांगतं, कुणी रनिंग फुटाला, म्हणजे रुंदी न धरता नुसत्या लांबीच्या फुटाला. ओटा दोन फूट रुंद, तर एक रनिंग फूट म्हणजे दोन स्क्वेअर फूट, तेव्हा रनिंग फुटाला ४०० आणि स्क्वेअर फुटाला २०० हे एकच झालं. दोन कोटेशन समोर ठेवताना आधी एका मापावर आणा. कुणी चौरस मीटरचा भाव दिला तर त्याला १०.७६ ने भागा. रनिंग मीटरचा असेल तर ३.२८ ने. रंगकामात दारं-खिडक्या वजा करतात की नाही, फॉल्स सिलिंगच्या उभ्या पट्ट्या रनिंग फुटात धरतात की स्क्वेअर फुटात, हे काम सुरू व्हायच्या आधी लिहून घ्या. वाळू-खडी ब्रासने मिळते, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. ट्रकवाला किती ब्रास म्हणतो ते हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटात मोजून, गुणाकार करून, शंभराने भागून तिथल्या तिथे तपासता येतं, आणि तपासताय हे त्याला दिसलं तरी पुष्कळ.

प्लॉट घेताय तर

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर मध्ये असतं, आणि गावात सगळे गुंठ्यात बोलतात. गुंठा म्हणजे ३३ बाय ३३ फूट, १०८९ स्क्वेअर फूट. हा ३३ आकाशातून पडलेला नाही, इंग्रजांच्या मोजणीची साखळी ६६ फुटांची होती, तिच्या निम्म्याचा चौरस म्हणजे गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०७६.४ स्क्वेअर फूट. "आर म्हणजेच गुंठा" असं एजंट सांगतो, आणि एका गुंठ्याला साडेबारा स्क्वेअर फुटांचा फरक आहे हे खरं तर सोडून देण्यासारखं, पण पूर्ण एकर घेताना फरक पाचशे स्क्वेअर फुटांच्या वर जातो. तुम्हाला चाळीस गुंठे म्हणून विकतायत आणि सातबाऱ्यावर ०.४०.०० हेक्टर (म्हणजे ४० आर) आहे, तर तो एकर नाही, एकराला ०.४०.४७ लागतात. पैसे गुंठ्यावर ठरले असतील तरी सौदा करताना आरचा आकडा धरा आणि त्याला १.०११७ ने भागून गुंठे काढा. रस्त्याचंही विचारा, गावात तीस फुटी म्हणतात, बांधकामाचे नियम मात्र मीटरमध्ये आहेत, ९ मीटर म्हणजे साडेएकोणतीस फूट, आणि तो रस्ता जागेवर टेप लावून किती भरतो ते शेजाऱ्याच्या कुंपणापासून समोरच्या कुंपणापर्यंत स्वतः मोजून बघा. त्यासाठी मात्र पाच मीटरचा टेप पुरायचा नाही, तीस मीटरचा कुणाकडून तरी मागून आणा.